मरगझार प्राणिसंग्रहालय

मरगझार प्राणिसंग्रहालय : पाकिस्तानची राजधानी इस्लामाबाद येथे मार्गल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी १९७८ मध्ये सुरू झालेले आणि प्राण्यांच्या हालांमुळे २०२० मध्ये बंद करण्यात आलेले प्राणिसंग्रहालय. कावान या आशियाई हत्तीमुळे ते जगभर गाजले.

कावान पिल्लू असताना, १९८५ मध्ये, श्रीलंका सरकारची भेट म्हणून पाकिस्तानात आला. पुढे त्याच्या सोबतीला बांगलादेशातून सहेली नावाची हत्तीण आणण्यात आली. ती २०१२ मध्ये मरण पावली आणि कावान एकटा पडला. बरीच वर्षे तो साखळदंडात होता. फिरायला सुमारे अर्ध्या एकराचा तुकडा, सावली जेमतेम आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. एका जागी उभा राहून तो तासन् तास डोके डावी-उजवीकडे हलवत राही. सुटीत आलेल्या प्रेक्षकाला असे झुलणे गमतीचे वाटते. प्रत्यक्षात बंदिवासातल्या प्राण्यांची ही एकसुरी, निर्हेतुक हालचाल मानसिक त्रासाचे लक्षण मानली जाते. गजांच्या कडेने त्याच त्या वाटेवर येरझारा घालणारा वाघ किंवा स्वतःचीच पिसे उपटणारा पोपट ही त्याच त्रासाची इतर रूपे.

कावान उपाशी मात्र नव्हता, आणि या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. ‘फोर पॉज’ या संस्थेचे पशुवैद्य अमीर खलील यांच्या पथकाने २०२० मध्ये त्याला तपासले, तेव्हा त्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढलेले निघाले. रोजच्या खाण्यात सुमारे अडीचशे किलो ऊस होता. नखे वाढून तडकली होती. रानात हत्ती दिवसभर चालतो, त्यामुळे नखे आणि तळवे आपोआप झिजतात. कडक जमिनीवर नुसता उभा ठेवला, की त्याचे पाय बिघडू लागतात. हाल करायला दर वेळी दुष्टावा लागतो असे नाही. अज्ञान आणि बेफिकिरी पुरते. त्यात महापालिका, केंद्रीय मंत्रालय आणि वन्यजीव मंडळ यांच्यात ताब्यावरून ओढाताण चाललेली, म्हणजे जबाबदारी नेमकी कोणाची हेच ठरलेले नाही.

इस्लामाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अतहर मिनल्लाह यांनी २१ मे २०२० रोजी निकाल दिला. प्राण्यांनाही कायदेशीर हक्क असतात, असे त्यात म्हटले असून कावानला योग्य अभयारण्यात हलवण्याचा आदेश दिला आहे. करोनाच्या टाळेबंदीने माणसालाच कोंडून घातल्याचा उल्लेखही त्यात आहे. विशेष म्हणजे निकालात भारतीय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नागराज निवाड्याचा आधार घेतलेला दिसतो. तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी आणणारा निवाडा तो हाच. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या आणि आपल्याकडे शर्यतींची वाट मोकळी झाली.

निकालानंतरही मरगझारचा कारभार सुधारला नाही. जुलै २०२० मध्ये दोन सिंहांना हलवायचे होते. ते पिंजऱ्याबाहेर निघेनात म्हणून आतच गवत पेटवण्यात आले आणि दोन्ही सिंह दगावले. या प्रकाराची चित्रफीत सर्वत्र फिरली. सिंहाला वाहतुकीच्या पेटीत जायची सवय आधी काही दिवस लावावी लागते, प्रसंगी भूल द्यावी लागते. हे तिथे कोणाच्या गावीही नव्हते.

कावानच्या बाबतीत ही पूर्वतयारी झाली. पथकाने आहार बदलला, वजन उतरवले आणि लोखंडी पेटीत शिरण्याचा त्याच्याकडून सराव करून घेतला. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस मालवाहू विमानाने त्याला कंबोडियात नेण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी मोहीम चालवणारी अमेरिकी गायिका शेर स्वागताला हजर होती. तिथे त्याने आठ वर्षांत प्रथमच दुसऱ्या हत्तीच्या सोंडेला सोंड लावली. सूझी आणि बब्लू ही उरलेली दोन तपकिरी अस्वले डिसेंबरमध्ये जॉर्डनला गेली. आज मरगझारच्या जागेवर सुटका केलेल्या वन्यप्राण्यांचे उपचार व पुनर्वसन केंद्र आहे.

पाकिस्तानात इतरत्र मात्र जुनेच चित्र दिसले. कराचीच्या प्राणिसंग्रहालयातील नूरजहाँ ही सतरा वर्षांची आजारी हत्तीण कोरड्या हौदात पडली, पुन्हा उभी राहू शकली नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिची सोबतीण मधुबाला हिला नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरातल्याच सफारी पार्कमधील हत्तिणींकडे नेण्यात आले.