दोन सारख्या पॉन्टून बोटींमधून कुटुंबासाठी एक निवडताना

सहलीसाठी पॉन्टून बोट, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट, घेऊ पाहणारी अनेक कुटुंबे शेवटी दोन बोटींपाशी येऊन अडतात. लांबी तीच, आसने तितकीच, वरचे छतही तसेच. मग गाद्यांचा रंग पाहून निर्णय होतो. आमचे आग्रहाचे सांगणे असे की, डेकवर चढण्याआधी बोटीखाली वाकून पाहावे, कारण खरा फरक बहुधा तेथेच असतो.

बोटीचा सारा भार तळाच्या पोकळ ॲल्युमिनियम नळ्या पेलतात. समजा, एका बोटीच्या दोन नळ्यांचा व्यास ५८ सेंटिमीटर, दुसरीच्या नळ्यांचा ६४ सेंटिमीटर आणि सर्वांची लांबी ६ मीटर आहे. हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही; परंतु गोड्या पाण्यात नळ्या निम्म्या बुडेपर्यंत पहिली बोट स्वतःच्या वजनासह सुमारे १,५८० किलो, तर दुसरी सुमारे १,९३० किलो भार पेलते. बोटींच्या स्वतःच्या वजनातील तफावत या दोन आकड्यांच्या फरकातून वजा केल्यावर उरेल ती तुमची खरी जास्तीची क्षमता, म्हणून दोन्हींची रिकामी वजने विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत. नळ्या निम्म्याहून फार खाली गेल्या की बोट जड चालते, इंधन अधिक लागते आणि समोरची लाट डेकवर येण्याचा संभव वाढतो.

नळीच्या आत आडव्या भिंती घालून स्वतंत्र बंद कप्पे केले आहेत का, हेही विचारावे. एखाद्या ठिकाणी छिद्र पडले, तरी बाकीचे कप्पे कोरडे राहून बोट तरंगती ठेवतात. तिसऱ्या नळीमुळे वेगात आणि वळणावर स्थैर्य वाढते, पण वजन व किंमतही वाढते. संथ पाण्यात सावकाश फिरणाऱ्या कुटुंबाला पुरेशा व्यासाच्या दोन नळ्या पुरतात, असे आमचे मत आहे.

उत्पादकाने लावलेल्या पाटीवर माणसांची कमाल संख्या, कमाल वजन आणि इंजिनाची कमाल अश्वशक्ती दिलेली असते. संख्या आणि वजन या दोन्ही मर्यादा पाळायच्या असतात. आसन रिकामे आहे म्हणून आणखी एकाला बसवता येते, असे नाही.

चाचणी फेरी दोघांनीच घेऊ नये. पाटीवरील मर्यादेत राहून, नेहमी येतील तितकी माणसे आणि सामान घेऊन, शक्यतो थोडा वारा असताना ती घ्यावी. या बोटी पाण्यात उथळ बसतात आणि त्यांच्या बाजू उंच असतात, त्यामुळे वारा त्यांना सहज आडवे ढकलतो, आणि धक्क्याला लावताना सुकाणू व इंजिन किती साथ देतात हे तेव्हाच कळते.

लहान मुले असतील तर फाटकांच्या कड्या पक्क्या लागतात का आणि कठड्याखालची फट किती आहे, हे हाताने तपासावे. बोट चालू असताना पुढच्या कठड्याबाहेर कोणालाही बसू देऊ नये, कारण तेथून पडलेली व्यक्ती थेट बोटीखाली, इंजिनाच्या फिरत्या पंख्याच्या वाटेत येते. मागच्या शिडीचा वापर इंजिन पूर्ण बंद केल्यावरच करावा. चालक जागेवरून दूर फेकला गेल्यास इंजिन थांबवणारी सुरक्षा दोरी दोन्ही बोटींवर प्रत्यक्ष ओढून पाहावी, आणि ज्या बोटीवर ती काम करत नाही ती दुरुस्त होईपर्यंत ताब्यात घेऊ नये.