प्रेसमन की वॉकमन?

आपल्याकडे हातात मावेल असं कॅसेटचं कुठलंही यंत्र म्हणजे वॉकमन. मग सोनीचाच प्रेसमनही त्याच नावाने खपतो. दिसायला सख्खे भाऊ, काम मात्र उलट.

प्रेसमन हा पत्रकारांसाठीचा छोटा टेपरेकॉर्डर. मुलाखत टेप करा, लगेच ऐका. माइक आणि बारकासा स्पीकर आतच, आवाज मोनो. सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात स्टिरिओ गाणी ऐकायची होती, म्हणून इंजिनिअरांनी याच प्रेसमनमधलं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि स्टिरिओ बसवलं. रेकॉर्ड न करणारं यंत्र घेणार कोण, अशी शंका कंपनीतच होती. 1 जुलै 1979 ला टीपीएस-एल2 हा पहिला वॉकमन जपानमध्ये 33,000 येनला बाजारात आला. माझ्या मते निम्मं श्रेय हेडफोनचं: तेव्हाचे हेडफोन 300-400 ग्रॅमचे, हा जेमतेम 50 ग्रॅमचा.

गंमत म्हणजे माइक काही गेला नाही. पहिल्या वॉकमनवर नारिंगी बटण आहे. रेकॉर्डिंगचं समजून लोक हमखास फसतात. ते 'हॉटलाइन'चं. दाबून धरलं की गाण्याचा आवाज खाली येतो आणि शेजारच्याचं बोलणं माइकमधून हेडफोनमध्ये ऐकू येतं. हेडफोनच्या जागाही दोन, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं. पुढच्या मॉडेलांतून हॉटलाइन गेली. एकट्यानेच ऐकायचं असेल तर ती हवी कुणाला!

स्टिरिओ कॅसेट प्रेसमनमध्ये घातली तरी वाजते. टेपवर डाव्या-उजव्या आवाजाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात आणि मोनो हेड दोन्ही एकदमच वाचतो. गाणं पूर्ण ऐकू येतं, फक्त डावं-उजवं एकत्र होतं.

कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टोकं आठवतात? गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून ती मोडायची आणि पुन्हा भरायचं झालं की भोकावर सेलोटेप लावायची. ही सगळी काळजी प्रेसमनसारख्या यंत्रांपुरती. नुसत्या वाजवणाऱ्या वॉकमनमध्ये कॅसेट पुसली जायची भीती नाही. फीत गुंतली तर पेन्सिल घेऊन बसायचंच.

जुन्या बाजारात पारख करायची तर आधी स्पीकरची जाळी आणि रेकॉर्डचं बटण बघा. फक्त 1982 च्या वॉकमन प्रोफेशनलला हा नियम लावू नका. नाव वॉकमन, तरी तो रेकॉर्ड करतो, तेही स्टिरिओत.