तळ दिसेनासा झाला, त्यामागचा इतिहास

तळ्याचं पाणी पूर्वी नितळ होतं, असं सगळेच सांगतात. नितळ म्हणजे किती, हे मोजायची युक्ती मात्र तळ्यावर नव्हे, समुद्रावर निघाली. १८६५च्या एप्रिलमध्ये आंजेलो सेकी या इटालियन जेसुइट खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते पाहिलं. पुढे १८९९च्या सुमारास जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून ते आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवले. तळ्यांवर आजही तीच वापरतात, साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. होडीच्या सावलीच्या बाजूने दोरी सोडायची. तबकडी दिसेनाशी झाली की एक खूण, वर ओढताना पुन्हा दिसली की दुसरी, आणि दोन्हींची सरासरी. गॉगल तेवढा काढून ठेवायचा.

पाणी किती गढूळ ते तबकडी सांगते. कशाने, ते नाही. गाळ असेल, शेवाळ असेल, कुजक्या पानांनी आलेला चहासारखा रंगही असेल. शेवाळाला खतपाणी कोण घालतं, यावर १९६०च्या दशकाअखेरीस चांगलीच जुंपली होती. डिटर्जंटमध्ये फॉस्फरस असायचा, म्हणून डिटर्जंट उद्योग कार्बनकडे बोट दाखवत होता. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या एका छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. १९७३मध्ये तेवढीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेल्या त्या फोटोने जे पटवलं, ते नुसत्या तक्त्यांना जमलं नसतं.

मग फॉस्फरस घेऊन येणारं सांडपाणी अडवलं की झालं? मोठ्या, खोल सरोवरांत बरंच साधलं. सिएटलजवळचं लेक वॉशिंग्टन त्याचं ठळक उदाहरण. उथळ तळी मात्र हट्टी निघाली. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२मध्येच दाखवलं होतं, की तळाशी प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस गाळातून सुटतो. म्हणजे वर्षानुवर्षांची जुनी उधारी तळाशी पडून असते. त्यात पाणवनस्पती गेल्या की वारा आणि तळ उकरणारे मासे मिळून गाळ घुसळतात, उजेड खाली पोचत नाही, आणि नवी रोपं रुजत नाहीत. म्हणूनच ‘साफसफाई’ म्हणून पाण्यातली सगळी झुडपं उपटली, की तळं उलट आणखी हिरवं होऊ शकतं.