ऐकलेल्या व्याख्यानातून घडलेले रबर

१९२५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. व्यासपीठावर होते ज्युलियस न्यूलँड. पेशाने नोत्र दाम विद्यापीठातले प्राध्यापक, शिवाय कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे एकाच वायूच्या मागे घालवली होती. तो वायू म्हणजे अ‍ॅसिटिलीन. क्युप्रस क्लोराइड हा तांब्याचा क्षार सोबत असला की अ‍ॅसिटिलीनचे दोन-तीन रेणू एकमेकांना जोडले जातात, हे ते सांगत होते. श्रोत्यांत ड्यूपॉन्ट कंपनीचे एल्मर बोल्टन बसले होते. त्यांच्या डोक्यात बरेच दिवस कृत्रिम रबराचा विचार घोळत होता. न्यूलँड अ‍ॅसिटिलीनबद्दल बोलत होते आणि बोल्टन यांना त्यात रबर ऐकू येत होते.

व्याख्यानानंतर दोघांची भेट झाली आणि पुढे न्यूलँड ड्यूपॉन्टचे सल्लागार झाले. अ‍ॅसिटिलीनचे तीन रेणू जोडून होणाऱ्या पदार्थापेक्षा दोन जोडून होणारा जास्त कामाचा निघाला. त्यावर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया केली की क्लोरोप्रीन नावाचा द्रव मिळतो. १९३० मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातल्या आर्नल्ड कॉलिन्स यांना दिसले, की बाजूला ठेवलेला हा द्रव आपोआप घट्ट झाला आहे आणि त्याचा लवचीक गोळा बनला आहे. हे पुढे निओप्रीन म्हणून प्रसिद्ध झालेले रबर. १९३१ च्या नोव्हेंबरात त्याची जाहीर घोषणा झाली तीही एका सभेतच, टायरच्या कारखान्यांचे गाव असलेल्या अ‍ॅक्रनमध्ये, रबर रसायनशास्त्रज्ञांसमोर. नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि ओझोनने तडकते. निओप्रीन या दोन्हींना बऱ्यापैकी पुरून उरते, कारण त्याच्या साखळीतला क्लोरीन शेजारच्या दुहेरी बंधाला, म्हणजे दोन कार्बन अणूंमधल्या दुपदरी जोडणीला, सहजासहजी हल्ला होऊ देत नाही.

वैज्ञानिक परिषदा म्हटले की गळ्यातली ओळखपत्रे, वीस मिनिटांची भाषणे आणि चहाच्या वेळची गर्दी डोळ्यांपुढे येते. शोधनिबंध घरबसल्या वाचता येत असताना एवढ्या लांब जायचे कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. रबर आणि उत्प्रेरण, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवण्याची विद्या, या दोन शास्त्रांचा इतिहास पाहिला की त्याचे उत्तर सापडते. दोन्ही शास्त्रे बराच काळ हातगुणावर आणि पाककृतींवर चालली. त्यातले बरेचसे ज्ञान छापलेच जात नव्हते. ते माणसांच्या बोटांत आणि कारखान्यांच्या तिजोरीत असे.

रबराच्या चिकात आयसोप्रीन या लहान रेणूचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या असतात. गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या त्या एकमेकींत अडकलेल्या असतात, पण कुठेही गाठ नसते. म्हणून कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये ते गंधकाबरोबर तापवून पाहिले. गंधकाने साखळ्यासाखळ्यांत गाठी मारल्या आणि रबर ताणून सोडले की मूळ जागी येऊ लागले. हेच व्हल्कनायझेशन. पण ते फार सावकाश होई. शंभर भाग रबरात आठ भाग गंधक घातला, तर १४० अंश सेल्सियसला सुमारे पाच तास लागत. झिंक ऑक्साइड घातले की तीन तासांवर येई. पुढे सेंद्रिय प्रवेगक, म्हणजे ही क्रिया वेगाने घडवणारी रसायने, आले, तेव्हा अर्ध्या भागाइतक्या प्रमाणातही त्यांनी हे काम काही मिनिटांवर आणले.

यातला पहिला महत्त्वाचा प्रवेगक जॉर्ज ओन्स्लेगर यांना १९०६ मध्ये अ‍ॅक्रनमधल्या डायमंड रबर कंपनीत सापडला. तो होता अ‍ॅनिलीन. कंपनीने हे गुपित वर्षानुवर्षे सांभाळले. ओन्स्लेगर यांना त्याबद्दल पर्किन पदक मिळाले ते थेट १९३३ मध्ये. दरम्यान इतर प्रयोगशाळांतले लोक तेच दार पुन्हा पुन्हा ठोठावत राहिले. शोध कोंडून ठेवला की किती माणसांचे किती कष्ट दुप्पट होतात, हे मला या एका उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण दोन शास्त्रांमधली सीमा तिथेच आहे. स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो तो उत्प्रेरक. ‘उत्प्रेरण’ या कल्पनेला बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये नाव दिले आणि विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी तिची नीट व्याख्या केली. रबरातला प्रवेगक मात्र क्रियेत खर्च होतो. त्याचे तुकडे होतात आणि काही तुकडे साखळ्यांना चिकटून राहतात. म्हणून काटेकोर अर्थाने तो उत्प्रेरक नव्हे. तरी आधी जस्ताबरोबर संयुग बनवायचे, त्यावर गंधक चढवायचा आणि तो साखळीपर्यंत पोहोचवायचा, हा त्याचा सगळा व्यवहार उत्प्रेरकाच्या वाटेनेच चालतो.

आता १९२६ ची ड्यूसेलडॉर्फची सभा. माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत नाट्यमय सभांपैकी ही एक. हर्मन स्टॉडिंगर तेव्हा म्हणत होते, की रबर, सेल्युलोज असे पदार्थ प्रचंड लांबीच्या रेणूंचे बनलेले असतात. त्या काळच्या बहुतेक मातब्बरांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते रबर म्हणजे लहान लहान वलयाकार रेणूंचा पुंजका आणि त्यातल्या दुहेरी बंधांच्या शिल्लक ओढीने तो एकत्र राहतो. स्टॉडिंगर यांनी यावर सुंदर परीक्षा शोधली होती. पुंजका दुहेरी बंधांमुळे टिकत असेल, तर ते बंध काढून टाकले की तो विस्कटायला हवा. हे बंध काढण्याचा मार्ग उत्प्रेरणातून आला. उत्प्रेरकाच्या मदतीने रबराला हायड्रोजन जोडला की दुहेरी बंध संपतात. वलयांची कल्पना खरी असती तर हाती सहज उडून जाणारा द्रव यायला हवा होता. प्रत्यक्षात मिळालेला पदार्थ पूर्वीसारखाच जड आणि चिवट होता. त्याचे ऊर्ध्वपातन होईना. साखळी शाबूत होती.

हा प्रयोग १९२२ मध्येच छापून आला होता. तरी मत बदलायला समोरासमोरची सभा लागली. ड्यूसेलडॉर्फमध्ये विरोधी मताचे वक्ते एकामागून एक बोलले आणि स्टॉडिंगर यांनी आकडे आणि प्रयोग मांडून आपली बाजू लढवली. अध्यक्षस्थानी असलेल्या रिचर्ड विल्स्टेटर यांनी शेवटी सांगितले, की एवढ्या मोठ्या रेणूची कल्पना भीतिदायक आहे खरी, पण आता हळूहळू तिची सवय करून घ्यावी लागेलसे दिसते. त्या सभेत बोललेले हर्मन मार्क यांनी पुढे ही आठवण सांगितली. वाद तिथे मिटला नाही, पण पारडे फिरू लागले. १९३५ मध्ये फॅरडे सोसायटीने केंब्रिजला बहुवारिकांवर, म्हणजे अशा लांब साखळीच्या पदार्थांवर, चर्चा ठेवली, तेव्हा स्टॉडिंगर आणि कॅरोदर्स दोघेही तिथे होते आणि लांब रेणूंच्या अस्तित्वाबद्दल फारशी कुणाची तक्रार उरली नव्हती. स्टॉडिंगर यांना नोबेल मिळायला मात्र १९५३ उजाडले.

सभेतून मैत्री जुळते तशी कटुताही. १९५२ च्या मे महिन्यात फ्रँकफर्टला कार्ल झीग्लर यांचे व्याख्यान झाले. विषय होता अ‍ॅल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांवर इथिलीनचे रेणू एकेक करून कसे चढत जातात हा. श्रोत्यांत मिलानचे जूलिओ नाता होते. त्यांनी ताबडतोब ओळखले, की हे काही वेगळेच प्रकरण आहे. पुढे त्यांच्या पाठीशी असलेल्या मोंतेकातिनी कंपनीने झीग्लर यांच्याशी करार केला आणि नाता यांचे तरुण सहकारी झीग्लर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन शिकले. १९५३ च्या अखेरीस झीग्लर यांना टायटॅनियमची संयुगे सोबत घेतल्यावर इथिलीन अगदी कमी दाबातही लांब साखळीत गुंफता येते असे सापडले. लगेच १९५४ मध्ये नाता यांनी त्याच प्रकारच्या उत्प्रेरकाने प्रोपिलीनची शिस्तबद्ध साखळी बनवली. आपल्याला न विचारता नाता पुढे गेले आणि त्यांनी पेटंटही घेतले, हे झीग्लर यांना फार लागले. १९६३ चे नोबेल दोघांना एकत्र मिळाले, पण जुना जिव्हाळा परत आला नाही.

या उत्प्रेरकाने रबराच्या जगात काय केले, हे कमी लोकांना ठाऊक असते. आयसोप्रीनची साखळी विणताना प्रत्येक दुव्यात वळण एकाच बाजूला हवे. रबराच्या झाडाला ते सहज जमते. ज्याला रसायनशास्त्रात ‘सिस’ म्हणतात ते हे वळण. रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून प्रयत्न करत होते, पण त्यांच्या साखळीत कुठे सिस, कुठे त्याच्या उलट बाजूचे ‘ट्रान्स’ अशी सरमिसळ होई आणि रबर हिणकस निघे. झीग्लरच्या पद्धतीचा उत्प्रेरक वापरून गुडरिच या रबर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये जवळजवळ पूर्ण सिस वळणाचे पॉलिआयसोप्रीन तयार झाले. काही काळातच फायरस्टोन या टायर कंपनीच्या लोकांनी लिथियम वापरून तेच साधले. झाडाची नक्कल माणसाला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जमली.

रबरवाले आणि उत्प्रेरणवाले यांच्या परिषदा आजही बहुधा वेगवेगळ्या भरतात. रबराची बाजू जुनी. अमेरिकन केमिकल सोसायटीत रबरासाठी १९०९ मध्ये स्वतंत्र गट झाला आणि पुढे त्याचा रबर विभाग झाला. जर्मनीत न्युरेम्बर्गला भरणाऱ्या रबर परिषदेत शोधनिबंधांच्या दालनाशेजारीच यंत्रांचे आणि कच्च्या मालाचे प्रदर्शन असते. तिथे व्याख्यान ऐकून बाहेर आलेला माणूस लगेच मिक्सर बनवणाऱ्याला गाठून विचारतो, की हे तुमच्या यंत्रात बसेल का. उत्प्रेरणाची आंतरराष्ट्रीय परिषद १९५६ मध्ये फिलाडेल्फियाला सुरू झाली आणि साधारण दर चार वर्षांनी देश बदलत भरते. तिथला सूर जास्त सैद्धांतिक. धातूच्या पृष्ठभागावर नेमक्या कोणत्या अणूपाशी क्रिया घडते, यावर तासन् तास खल चालतो.

दोन्हींपेक्षा वेगळी रीत गॉर्डन परिषदांची. नील गॉर्डन यांनी १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या सुरू केल्या. नियम कडक आहे. इथे ऐकलेले बाहेर उद्धृत करायचे नाही, ध्वनिमुद्रण नाही, फोटो नाहीत. सकाळी आणि रात्री चर्चा, दुपार मोकळी. त्यामुळे अर्धवट निकाल, फसलेले प्रयोग, अजून न सुटलेली कोडी लोक मोकळेपणाने मांडतात. छापील निबंधात फसलेल्या प्रयोगाला सहसा जागा नसते. उत्प्रेरकांच्या बाबतीत तर कोणती अशुद्धी आली की काम बिघडते, ही माहिती यशाच्या माहितीइतकीच मोलाची. झीग्लर यांचा शोधही निकेलच्या अंशाने बिघडलेल्या एका प्रयोगातूनच सुरू झाला होता.

या दोन बिरादऱ्यांना बांधणारी आणि तोडणारी गोष्ट एकच आहे, गंधक. रबराचा तो प्राण. निकेल, प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकांचे तो विष, कारण धातूच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून तो क्रियेची जागाच अडवतो. उलट तांबे कितीतरी क्रियांत उत्तम उत्प्रेरक, पण रबरात त्याचा अंश राहिला तर ते हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया झपाट्याने वाढवते आणि रबर कुजते. मँगनीजचेही तसेच. रबराच्या कारखान्यात या धातूंना विष म्हणूनच ओळखतात.

दोघांना एकमेकांची गरज आता पुन्हा जोराने भासू लागली आहे. ओझोनपासून वाचवण्यासाठी टायरमध्ये ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. ते स्वतः ओझोनशी भिडते आणि रबराला वाचवते. पण त्या झुंजीतून तयार होणारा क्विनोन नावाचा पदार्थ टायरच्या झिजलेल्या कणांतून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सामन मासे पावसानंतर मरून का पडतात, हे कोडे या क्विनोनने सुटले. ते संशोधन २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. बदली रसायन असे हवे, की ते ओझोनला आधी गाठेल, रबराच्या पृष्ठभागाकडे योग्य वेगाने सरकेल आणि त्याचे अवशेष पाण्यातल्या जीवांना मारणार नाहीत.

दुसरा प्रश्न जुन्या टायरांचा. इथे मेटाथेसिस नावाची क्रिया आशा दाखवते. तिच्यात दोन दुहेरी बंध आपापले अर्धे भाग अदलाबदल करतात. ‘ओलेफिन मेटाथेसिस’ हे नाव १९६७ मध्ये गुडइयर कंपनीतल्या निसिम कॅल्डरॉन यांनी दिले. ती नेमकी कशी घडते हे फ्रान्सच्या इव्ह शोव्हॅं यांनी १९७१ मध्ये मांडले आणि २००५ चे नोबेल त्यांना रॉबर्ट ग्रब्ज आणि रिचर्ड श्रॉक यांच्यासह मिळाले. रबराच्या साखळीत दुहेरी बंध भरपूर असतात. मेटाथेसिसचा उत्प्रेरक लहान रेणूंच्या सोबतीने तिथे सोडला, तर साखळी बंधाबंधाशी कातरली जाते आणि घट्ट जाळ्यापासून ओतता येणारा द्रव होतो. टंगस्टनचे जुने उत्प्रेरक फार नाजूक होते. रुथेनियमचे नवे बरेच सोशिक आहेत.

तरीही टायरमध्ये गंधक आहे. तो गाठीत एकटा आहे, जोडीने आहे की चार-पाच अणूंची लड करून बसला आहे, यावर उत्प्रेरक किती टिकेल हे अवलंबून राहणार. गंधक आणि प्रवेगक यांचे प्रमाण बदलून ती लड लांब-आखूड कशी करायची, हे रबरवाल्यांना कित्येक दशकांपासून पाठ आहे.