कळा मंद का पडतात?

नवव्या महिन्यात रोज वाटीभर तूप खाल्लं की बाळ अलगद घसरून बाहेर येतं, हा सल्ला आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओसकट फिरतो. तूप आतड्यात पचतं आणि रक्तात मिसळतं; जन्ममार्गापर्यंत ते पोचायचं कसं? याच समजुतीची दुसरी बाजू मात्र शिकल्यासवरलेल्या घरांतही पक्की आहे: बाई जाड असली की चरबीने वाट अडते, म्हणून सिझर करावं लागतं.

वाट अडत असेल तर उशीर कुठे व्हायला हवा? पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर, बाळ खाली सरकताना. तिथे तर फारसा फरक सापडत नाही. त्या वेळी गर्भाशयातला दाब मोजला, तर लठ्ठ आणि सडपातळ बायकांमध्ये तो जवळपास सारखाच भरतो. उशीर होतो तो त्याआधी. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये पाच हजारांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या (2012). तोंड 4 ते 10 सेंटिमीटर उघडायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 30 पासून पुढे लठ्ठ) 30 च्या खाली असलेल्यांना साधारण 4.1 तास लागले, त्यावरच्यांना 4.7.

तोंड उघडतं ते स्नायूच्या जोरावर. गर्भाशयाची भिंत म्हणजे असंख्य स्नायूपेशी. रस्सीखेचीत सगळ्यांनी एकदम ओढलं तरच दोर हलतो, तसं या पेशींनी एकाच वेळी आकसायला हवं. त्यासाठी दिवस भरत आले की शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा वाढतात. त्या कनेक्सिन-43 नावाच्या प्रथिनाच्या असतात. त्यांच्यातून विजेची लाट पसरते आणि पेशीच्या पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त, त्यामुळे ते धो धो आत येतं. कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन त्याला धरतं, मग एक एन्झाइम जागं होतं, ते मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, आणि मायोसिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे ओढू लागतं. हीच कळ. नंतर पंप कॅल्शियम बाहेर फेकतात आणि स्नायू सैल पडतो. ही उसंतही हवीच, कारण कळ जोरात असताना वारेकडे जाणारं रक्त कमी होतं.

ऑक्सिटोसिन हे संप्रेरक याच साखळीला वरून रेटा देतं. पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियमही ते मोकळं करतं. ते जिथून रक्तात उतरतं त्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसतं हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये नोंदवलं. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी 1953 मध्ये ते संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 चं नोबेल मिळवलं. कळांसाठी सलाईनमधून देतात ते हेच.

आता चरबी. पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतंच, काही सूक्ष्म खळग्यांत तर दाटीने. गाभण उंदरांच्या गर्भाशयाच्या पट्ट्यांवरच्या प्रयोगांत कोलेस्टेरॉल वाढवलं की आकुंचन मंदावलं, काढून घेतलं की वाढलं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2007 मध्ये सिझरच्या वेळी घेतलेल्या मानवी पट्ट्या तपासल्या: लठ्ठ स्त्रियांचा स्नायू कमी जोराने आणि कमी वेळा आकसत होता, कॅल्शियमचा ओघही कमी होता. चरबीच्या पेशींतून स्रवणारं लेप्टिनही या स्नायूला ढिला करतं, हे आयर्लंडमधल्या गॉलवेत काचपात्रात दिसलं. पट्टी म्हणजे बाळंतीण नव्हे, पण लठ्ठ स्त्रियांना ऑक्सिटोसिन जास्त लागतं, या अनुभवाशी हे जुळतं.

वाट खरोखर अडते ती बाळ फार मोठं असेल तेव्हा. गर्भारपणातल्या मधुमेहात बाळाचं अंग भरतं आणि डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकू शकतो. शिवाय जास्त वजनात पाठीतलं भुलीचं इंजेक्शन अवघड जातं, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. तरीही गर्भारपणात डाएट करून बारीक व्हायचं नसतं, फक्त वाढ आवरायची: 2009 च्या अमेरिकी शिफारशीनुसार नेहमीच्या वजनाच्या बाईने 11.5 ते 16 किलो, लठ्ठ बाईने 5 ते 9. 'दोन जिवांचं खा' म्हणणाऱ्या आजीला हे पटणं कठीण. ‘नॉर्मल डिलिव्हरीची हमी’ देणारी ऑनलाइन पॅकेजं विकणाऱ्यांना तर कुठलेच आकडे नको असतात.

वजन कमी असणंही धोक्याचंच, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 24 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या आणि 18.7 टक्के कृश. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन्ही.

कळा मंद असतील तर आधी वेळ द्यायचा. तोंड 6 सेंटिमीटर उघडण्याआधी केवळ गती मंद आहे म्हणून सिझर करू नये, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये सांगितलं. आपल्याकडे त्याच पाहणीत सिझरचं प्रमाण सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के, खासगीत 47.4. खासगीत जाणाऱ्या बायका सुस्थितीतल्या, वजनानेही जास्त असतील, काही सिझर आधीच ठरलेली असतील, हे मान्य. पण एवढ्याने तिपटीचा हिशेब लागतो, असं मला वाटत नाही.