वेदनाशामक गोळी आणि तिच्यासोबतची सूचना : पार्श्वभूमी

पणजीत 1842 साली वैद्यकीय शाळा स्थापन झाली, तेव्हा आज घरोघरी असणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी एकही अस्तित्वात नव्हती. ॲस्पिरिन 1899 साली बाजारात आले, पॅरासिटामॉल 1950च्या दशकात रुळले आणि आयब्युप्रोफेन 1969 साली ब्रिटनमध्ये मिळू लागले. औषध आधी घरात पोहोचले आणि त्याचा धोका मागाहून कळला, असाच या गोळ्यांचा इतिहास आहे.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताला गंभीर इजा होते, ही नोंद 1966 साली झाली. पुढे 1971 साली ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, ॲस्पिरिनसारखी औषधे वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. मात्र जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा हीच द्रव्ये सांभाळत असल्यामुळे अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘उपाशीपोटी घेऊ नका’ एवढ्यावर गोळीसोबतची सूचना थांबते, हे मला अपुरे वाटते. मुलांबाबतचे इशारे आणखी उशिरा आले. 12 वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड हे वेदनाशामक देण्यावर भारतात 2011 साली बंदी आली.

गोव्याला मुक्तीनंतर भारतीय औषध कायदा लागू झाला. त्याच्या नियमांनुसार 1000पर्यंत लोकवस्तीच्या गावात ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉल काही अटींवर परवान्याशिवाय विकता येते. दूरच्या वाड्यावर रात्री ताप चढला तर ही सोय मोलाची आहे, पण तिथे समजावून सांगणारा फार्मासिस्ट नसतो. रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य असल्याचे फार्मसी व्यवसायाबाबतच्या 2015च्या नियमांनी स्पष्ट केले.

माझ्या मते सर्वांत आधी शिकवायला हवे ते गोळीवरील नाव वाचायला. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची 24 तासांतील कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळपास गाठली जाते. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी त्याहून कमी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असते, पण पाकिटावरचे नाव वेगळे असल्यामुळे एकच औषध दोनदा पोटात जाते. त्यातच फार्मसीत पट्टी कात्रीने कापून दोन गोळ्या हातावर ठेवल्या की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख पुष्कळदा उरलेल्या तुकड्यावर, काउंटरच्या पलीकडेच राहते.