सवाईला पहिल्यांदाच निघालात? नाशिककर प्रवाशांसाठी माहितीपत्रक

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी आमच्या गाडीत जागा घेतल्याबद्दल आभार. महोत्सव पाच दिवसांचा, मांडव हजारो माणसांचा आणि आपण नाशिकहून दोनशे दहा किलोमीटरवरून जाणार. पहिल्यांदा जाणाऱ्यांची गल्लत गाणे न समजल्यामुळे क्वचितच होते. ती होते वेळेत, जागेत आणि परतीच्या घाईत. म्हणून हे पत्रक महोत्सवाचे तिकीट काढण्याआधीच वाचा.

किती दिवस जायचे

पाचही दिवस ऐकायचे असा बेत पहिल्याच वर्षी करू नका. अलीकडच्या वर्षांत महोत्सव डिसेंबरात बुधवार ते रविवार असतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून रजा टाकण्याआधी जाहीर झालेली कार्यक्रमपत्रिका पाहा. रोज साधारण दुपारी तीन-चारला सुरुवात, रात्री दहाला शेवट आणि मधे चार-पाच कलाकार. सहा-सात तास मांडी घालून बसणे म्हणजे काय, ते पहिल्याच रात्री कंबर सांगते. नवख्याला दोन दिवस पुरे.

आमचा सल्ला शनिवार-रविवारचा. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. पण वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. महोत्सवाला ही सूट बहुधा शनिवारी मिळते, त्यामुळे त्या रात्री मैफल बारापर्यंत रंगते. रविवारी सुरुवात दुपारी बाराच्या सुमारास होते. म्हणजे दोनच दिवसांत दुपारचे सारंग, तिन्हीसांजेचे मारवा-पूरिया आणि रात्रीचे बागेश्री-मालकंस असा रागांचा मोठा पट्टा कानावर पडू शकतो. एरवी दहाच्या मर्यादेमुळे उत्तररात्रीचे राग वाट्याला येतच नाहीत. जुनी मंडळी रात्रभर चालणाऱ्या सवाईच्या आठवणी काढून हळहळतात, ती याचसाठी.

तिकीट

तिकिटे दोन तऱ्हेची: पाचही दिवसांचे सीझन तिकीट आणि रोजचे. बसायचे प्रकारही दोन, खुर्ची आणि भारतीय बैठक. गुडघे कुरकुरत असतील तर भिडेला बळी पडून बैठकीचे तिकीट घेऊ नका. आत गेल्यावर बदलून मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नका. तिकिटावर आसनक्रमांक छापला आहे का ते पाहा. नसेल तर जो आधी येईल त्याची जागा, आणि शनिवारी सुरुवातीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचावेच लागते. आमच्या भाड्यात प्रवेशाचे तिकीट धरलेले नाही. ते स्वतः, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. दारात उभे राहून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

जाताना

शनिवारी सकाळी साडेसहाला गाडी मुंबई नाक्यावरून निघते. पुढे द्वारका आणि नाशिकरोडला बिटको चौक. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, नारायणगाव, खेड, चाकण असा रस्ता आहे. नारायणगावच्या अलीकडे चहा-नाश्त्याला वीस मिनिटे थांबतो. चाकणला कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी चौकात गाडी सापडली की तास कसा गेला कळत नाही. निघण्याची वेळ इतकी लवकर ठेवली आहे ती म्हणूनच. साडेबारा-एकपर्यंत पुण्यात पोचायचे, जेवायचे आणि तासभर आडवे व्हायचे, हे आमचे गणित. ती झोप चुकवून थेट मांडवात गेलेला माणूस तिसऱ्या कलाकाराला पेंगायला लागतो.

स्वतंत्रपणे येणाऱ्यांसाठी एक सोय सांगतो. महोत्सव पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा. 2018 पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. नाशिकहून येणारी गाडी शहरात घालण्यापेक्षा नाशिक फाट्याला उतरा आणि मेट्रोने स्वारगेटला जा. मधे मेट्रो बदलावी लागत नाही, आणि स्वारगेटहून मुकुंदनगर रिक्षाने काही मिनिटांवर आहे. रात्रीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ मात्र जातानाच पाहून ठेवा. शनिवारी बाराला मैफल सुटते तेव्हा मेट्रोच्या भरवशावर राहू नका. रिक्षाही मांडवाच्या दारात मिळत नाही, थोडे चालून मोठ्या रस्त्यावर यावे लागते.

मांडवात

दुपारी ऊन आणि नऊनंतर बोचरी थंडी, दोन्ही एकाच बैठकीत सोसायचे असते. मांडव बाजूंनी पूर्ण बंद नसतो, थंडी जमिनीलगत शिरते. नाशिकच्या गारठ्याची सवय असणारेही इथे फसतात, कारण तासन् तास हालचाल नसते. शाल, कानटोपी आणि जाड पायमोजे घ्या. बैठकवाल्यांनी चार बोटे जाडीची छोटी गादी किंवा उशी आणावी. ती मांडीखाली नव्हे तर मागच्या बाजूला, बसकेच्या हाडांखाली सरकवा. कंबर आपोआप ताठ होते आणि गुडघ्यांवरचा ताण उतरतो. चपलांसाठी कापडी पिशवी आणा. रात्री चपलांच्या ढिगात आपला जोड शोधणे हा एक वेगळाच कार्यक्रम असतो.

जागा निवडताना सगळ्यांची धाव पुढे असते. पण अगदी पुढे कडेला बसलात तर एका बाजूच्या ध्वनिक्षेपकांचा मारा कानावर होतो, तबला वाजवीपेक्षा मोठा वाटतो आणि तानपुरा हरवतो. ध्वनिनियंत्रणाचे टेबल कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या आसपास, मधल्या रेषेत बसा. त्या टेबलाशी बसलेला माणूस जे ऐकून आवाज जुळवतो, तेच तुम्हाला ऐकू येते. कलाकाराचा चेहरा पडद्यावर दिसतोच.

खाण्याचे स्टॉल असतात, पण दोन कलाकारांच्या मध्ये सगळा मांडव एकदम तिकडे लोटतो. भूक नसली तरी सहाच्या आसपास खाऊन घ्या. स्वच्छतागृहाचेही तसेच, मध्यंतर सुरू होण्याची वाट पाहणाऱ्याला रांग मिळते. आणि बरोबर आणलेला चिवडा गाडीतच संपवा. विलंबित, म्हणजे संथ, आलापीत प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज दहा रांगा ऐकतात.

ऐकताना काय घडते

दोन कलाकारांमध्ये पंधरा-वीस मिनिटे जातात, तो आयोजकांचा ढिसाळपणा नव्हे. गायक आणि गायिका यांची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर 'सा' धरतात ती, वेगळी, त्यामुळे तानपुरे नव्याने लागतात आणि तबलाही बदलतो. थंडी पडली की तारा आखडतात आणि स्वर चढतो, रंगमंचावरच्या दिव्यांनी तापल्या की उतरतो. तबल्यावर हातोडीची टकटक ऐकू येते तीही स्वर जुळवण्यासाठीच. या वेळात उठा, फिरा. एकदा आलाप सुरू झाला की उठू नका. उठायचेच असेल तर बंदिश, म्हणजे रागात बांधलेले गीत, संपून टाळ्या पडेपर्यंत थांबा.

ख्याल गाणारा कलाकार बहुधा विलंबित एकतालाने सुरुवात करतो. बारा मात्रांचे एक आवर्तन, पण लय इतकी संथ की ते पाऊण-एक मिनिटाचे होऊ शकते. नवख्याला पहिली दहा मिनिटे काही घडतच नाहीसे वाटते आणि तो मोबाइल काढतो. त्याऐवजी एकच गोष्ट करा: बंदिशीच्या मुखड्याचे, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याचे, शब्द कानात ठेवा. दर आवर्तनाच्या शेवटी ते परत येतात आणि तबल्याच्या ठाशीव ठोक्याशी गाठ पडते. तीच सम. मधल्या वेळात गायक एकेक स्वर घेऊन वर चढत असतो. तो वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, पोचला की मांडवात हलकीशी चुळबूळ होते, दाद येते. पुढे द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात लय वाढते आणि तेव्हा समजावून सांगावे लागत नाही. पिंपळपारावरची पाडवा पहाट ऐकणाऱ्या नाशिककरांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

दाद समेवर किंवा तान, म्हणजे स्वरांची जलद लड, संपल्यावर द्या, तानेच्या मध्ये टाळ्या नकोत. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करू नका. स्वयंसेवक येऊन सांगतात, आणि ते बरोबर करतात.

सकाळचा वेळ मोकळा असतो, तेव्हा सवाई गंधर्व स्मारकात त्याच दिवसांत होणारे 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे कार्यक्रम पाहा. संगीतविषयक लघुपट आणि कलाकारांच्या मुलाखती असतात. रात्री ज्यांना ऐकायचे त्यांच्याविषयी सकाळी काही कानावर पडले तर मैफल जवळची होते.

परतताना

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ज्येष्ठ कलाकार शेवटी असतो, आणि लांबून आलेले लोक बस गाठायला नेमके त्याच वेळी उठतात. 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. पुढे अनेक वर्षे शेवटची मैफल त्यांचीच असायची. नंतर तो मान किराणा घराण्याच्याच डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे आला आणि त्यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला. त्या 2024 च्या जानेवारीत गेल्या. रविवारी सगळे संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. पुष्कळ रसिक ती संपेपर्यंत जागचे हलत नाहीत.

म्हणून रविवारी रात्री आम्ही परत निघत नाही. चंदनापुरी घाटात मध्यरात्री पेंगणारा चालक नको, हे दुसरे कारण. मुक्काम पुण्यात. गाडी सोमवारी पहाटे साडेपाचला निघते, चाकण गर्दीआधी ओलांडते आणि साधारण साडेअकरापर्यंत नाशिकरोडला पोचते. सोमवारी सकाळी दहाला कचेरीत हजर राहायचेच असेल तर शुक्रवार-शनिवारची फेरी घ्या. ती शुक्रवारी सकाळी साडेसहालाच निघते आणि रविवारी सकाळी नऊला परत फिरते. फेरी बदलायची असल्यास निघण्याच्या चार दिवस आधी कळवा. त्यानंतर जागा दुसऱ्याला दिली जाते.